अझिथ्रोची एक स्ट्रिप द्या ना!

परवाचा रविवार. घसा असा धरलेला की आवाजाच्या जागी नुसती शिट्टी. शनिवारी चाकणच्या प्लँटमध्ये ऑडिट होतं, येताना तळेगाव चौकात कंपनीची बस तासभर ठप्प, आणि एसीचा झोत नेमका मानेवर. (बसमधल्या झोपेवर मागे याच पानावर लिहिलं होतं, आठवत असेल.) त्यात सोमवारी प्रेझेंटेशन! अशा वेळी आपण सगळे काय करतो? डॉक्टर? छे, रविवारी कोण शोधत बसणार! कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जायचं आणि कटिंग मागावा तशा थाटात म्हणायचं, "अझिथ्रो पाचशे, एक स्ट्रिप."

मी चपला घातल्याही होत्या. पण जेवायला होतो निगडीला मावशीकडे, आणि दारात आडवी आली आमची मावसबहीण. घरातलं शेंडेफळ. बी.फार्मच्या शेवटच्या वर्षाला आहे.

"कुणी सांगितली?"

"गेल्या वेळी डॉक्टरांनी दिली होती."

"गेल्या वेळी म्हणजे कधी?"

"दिवाळीत."

"ताप आहे? नाक गळतंय? खोकला? आणि दादा, ती अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल रोज सकाळी घेतोस ना? तिच्यात डॉमपेरिडॉन आहे का बघ."

बघितलं. होतं. मग कळलं की अझिथ्रोमायसिन आणि डॉमपेरिडॉन दोन्हीही हृदयाच्या ठोक्यांच्या विजेचं टायमिंग थोडं लांबवू शकतात, म्हणून जोडी लावायच्या आधी विचार करावा लागतो. आणि नाक गळतंय, खोकला आहे, ताप नाही, म्हणजे बहुतेक व्हायरल. त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग शून्य. "मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या कर. तीन दिवसांत उतरलं नाही किंवा गिळताच येईना झालं तर डॉक्टरकडे जा," असं म्हणून बाई पापड तळायला आत गेल्या.

च्यायला! जिला पाचवीपर्यंत सायकलच्या दांडीवर बसवून ट्यूशनला सोडलं, ती मला सल्ले देणार? पण खरं सांगू का, फार्मसी म्हणजे मेडिकल टाकायचं लायसन्स, एवढाच माझा समज होता. एमबीबीएसला नंबर नाही लागला, इंजिनीअरिंगला मनासारखी ब्रँच नाही मिळाली, की "चला, फार्मसी करू." तुमचाही समज साधारण असाच असणार, उगाच नाही म्हणू नका.

तर जेवणं झाल्यावर तिला विचारलं, चार वर्षं नक्की करता काय तुम्ही?

सुरुवातच धमाल. या कोर्सला बारावीचे बायोलॉजीवालेही येतात आणि मॅथ्सवालेही. म्हणून पहिल्या सेमिस्टरला मॅथ्सवाल्यांना बायोलॉजीचा आणि बायोलॉजीवाल्यांना मॅथ्सचा रेमेडियल पेपर! ज्याला "सुटलो एकदाचे" म्हणून निरोप दिला, तोच विषय दारात बॅग घेऊन हजर. पुढे शरीररचना, ऑरगॅनिक केमिस्ट्री (तीन सेमिस्टर, डोक्याचा भुगा), मायक्रोबायोलॉजी, चक्क एक पेपर इंजिनीअरिंगचा, मग फार्माकॉलॉजी, कायदा, शेवटी स्टॅटिस्टिक्स आणि प्रोजेक्ट.

पण मला जाम आवडली ती त्यांची लॅब. तिथे एक पारदर्शक ड्रम असतो. त्यात वजन केलेल्या गोळ्या टाकायच्या आणि मिनिटाला २५ गिरक्यांच्या वेगाने चार मिनिटं फिरवायचं. प्रत्येक गिरकीला गोळ्या वर जाऊन साधारण सहा इंचांवरून आपटतात. अशा १०० गिरक्या झाल्या की धूळ झटकून पुन्हा वजन. झीज एक टक्क्याहून जास्त झाली तर बॅच नापास. म्हणजे आपण चाकणला जसे रोज आदळत जातो, तसं गोळीला आधीच आदळवून बघतात! मग दुसरं मशीन. ३७ डिग्रीच्या पाण्यात गोळी खालीवर हलवायची. साधी, कोटिंग नसलेली गोळी १५ मिनिटांत फुटून सुटी व्हायला हवी. याच्या उलट काही गोळ्यांवर असं कोटिंग असतं की पोटातल्यासारख्या अ‍ॅसिडमध्ये दोन तास त्या फुटताच कामा नयेत, विरघळायचं ते पुढे आतड्यात गेल्यावर. आमचे बाबा अ‍ॅसिडिटीची गोळी "फार कडक आहे" म्हणून वर्षभर अर्धी करून घेत होते. अर्धी केली की कोटिंग गेलं आणि औषध पोटातच खलास. शेंडेफळाने हे सांगितलं त्या दिवशी बाबांचा चेहरा बघण्यासारखा होता.

फार्माकॉग्नोसी नावाचा विषय म्हणजे मिसळणाचा डबा मायक्रोस्कोपखाली. लवंग, दालचिनी, बडीशेप यांची पूड ओळखायची, भेसळ पकडायची. मावशीच्या डब्यातली दालचिनी हातात घेऊन ही म्हणाली, "आई, ही कॅशिया आहे गं." दोन दिवस मायलेकींचा अबोला.

आता तुमच्या-माझ्या कामाचं. औषध रक्तात निम्मं व्हायला किती वेळ लागतो, हा एका पेपरचा मोठा भाग. पॅरासिटामॉलला दोन-तीन तास लागतात, अझिथ्रोला जवळजवळ तीन दिवस. म्हणून पॅरासिटामॉल दिवसातून चारदा घ्यावी लागते आणि अझिथ्रोचा कोर्स तीन दिवसांत आटोपतो. तिने मला कागदावर हिशेब करून दाखवला. ऑफिसच्या ड्रॉवरमधली सर्दीची कॉम्बिनेशन गोळी, तिच्यात बहुतेक वेळा ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतंच. वर अंगदुखीसाठी वेगळी ६५०. दोन्ही दिवसातून चारदा घेतल्या तर ४६०० मिलिग्रॅम. मोठ्या माणसाची कमाल मर्यादा ४०००, आणि त्यापुढे धोका लिव्हरला. रिलीजच्या आठवड्यात हे आपल्यापैकी किती जणांनी केलंय? मी तरी केलंय.

अँटिबायोटिकचं म्हणाल तर आपल्या गावाचं त्याच्याशी जुनं नातं आहे. टेल्को, बजाज यायच्या आधी, १९५४ साली केंद्र सरकारने पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी केली. आपली एच.ए. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची मदत होती, आणि १९५५ पासून इथे पेनिसिलीन तयार व्हायला लागलं. इथल्याच संशोधकांनी बुरशीवर चालणारं हामायसिन शोधलं. ते ज्या जिवाणूपासून मिळालं, त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. शास्त्राच्या पुस्तकात पिंपरी अशी कायमची बसलीय, आणि आपण मात्र गावाची ओळख सांगताना गाड्यांचीच सांगतो! पुढे कंपनीचे दिवस फिरले. पण जे औषध देशाला मिळावं म्हणून या गावात एवढा खटाटोप झाला, ते आज आपण सर्दीला खातो. असं खात राहिलं की जिवाणू सरावतात आणि खरी गरज पडेल तेव्हा औषध चालत नाही. स्ट्रिपवरची ती उभी लाल रेघ डिझाइन म्हणून नाहीये. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, असा तिचा अर्थ.

एवढ्यात मावशी चहा घेऊन आली आणि मूळ विषय बाहेर पडला. शेंडेफळाला ऑफर आली होती. अजून रिझल्ट लागायचाय, पण एका मेडिकलवाल्याने ओळखीतून निरोप धाडला होता. रजिस्ट्रेशन झालं की सर्टिफिकेट आमच्याकडे लावा. यायची गरज नाही, दर महिन्याला पैसे खात्यात.

"घरबसल्या पैसे," मावशी म्हणाली. "शिवाय दुसरी नोकरी करायला मोकळी. लोनचा हप्ता तरी सुटेल."

मावशीचं चुकलं असं मला पटकन म्हणवेना. काका रिटायर झालेत, लोन आहे. प्लँटमध्ये क्वालिटीला लागली तर सुरुवातीचा पगार ऐकून तुम्हीही गप्प व्हाल. आणि काउंटरवर उभी राहिली तर बारा-बारा तास पायांवर, वर गिऱ्हाईक "ए पोरी" म्हणणार. मी "काय वाईट आहे?" असं म्हणणारच होतो. तेवढ्यात घसा आठवला.

ती शांतपणे म्हणाली, "आई, १९४८ चा फार्मसी कायदा, कलम ४२. चिठ्ठीवरचं औषध रजिस्टर्ड फार्मासिस्टनेच द्यायचं. पाचव्या सेमिस्टरला पेपर होता, सत्तर मार्क पडले मला." मग जरा थांबून, "आणि माझ्या नावाखाली कुणीतरी दादाला अझिथ्रो देईल. मी तिथे नसेन."

मावशी काही बोलली नाही. कप उचलून आत गेली. हप्त्याचं काय करायचं, ते त्या दिवशी ठरलं नाही.

संध्याकाळी घरी येताना घशासाठी चघळायच्या गोळ्या घ्यायला आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये थांबलो. इतकी वर्षं येतोय, पण भिंतीवरची काचेची फ्रेम पहिल्यांदाच वाचली. काउंटरवरच्या पोराला विचारलं, "हे आहेत का?"

त्याने मागे वळून फ्रेमकडे बघितलं. "ते? ते सोलापूरला असतात. तुम्हाला काय पाहिजे साहेब, अझिथ्रो?"