आमची इमारत उघडत नाही

आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाचं घोडं अडलं. बिल्डर पळाला नव्हता, तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनीसुद्धा हरकत घेतली नव्हती. अडलं ते एवढ्यावरच, की आर्किटेक्टनं पाठवलेली इमारत स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या कॉम्प्युटरवर उघडेना.

इमारत म्हणजे नुसता नकाशा नव्हे हं! हल्ली भिंती, दारं, तुळया, नळ असं सगळं आधी कॉम्प्युटरात बांधतात. त्याला ‘बिम’ म्हणतात. दोघांचं सॉफ्टवेअर एकाच कंपनीचं. पण आर्किटेक्टचं यंदाचं, वर्षाच्या भाड्याचं, आणि इंजिनिअरचं जुनं, एकदाच विकत घेऊन जपलेलं. नवं सॉफ्टवेअर जुनी फाइल उघडतं, जुनं मात्र नवी उघडत नाही. आणि जुन्याला वाचता येईल अशी फाइल करून द्यायची नव्यात सोयच नाही!

मी बी.कॉम., बँकेतला कारकून. तंत्रातलं मला कळत नाही, कबूल. पण आमच्याकडे एका बँकेचा चेक दुसऱ्या बँकेत वटतो. ‘तुमचा चेक यंदाचा, आमचं काउंटर जुनं’ असं मी म्हटलं असतं, तर गिऱ्हाइकानं मलाच वटवला असता.

“मधली भाषा आहे ना, आयएफसी!” इंजिनिअर म्हणाले. आहे खरी, २०१३ पासून तिला आयएसओ मानकाचा मानही आहे. त्या वाटेनं इमारत पोचली, पण दमून. दार दिसत होतं दारासारखंच, पण रुंदी बदला म्हटलं तर ढिम्म!

याला तंत्राची अडचण म्हणायला मी तयार नाही. हा गिऱ्हाईक बांधून ठेवण्याचा धंदा आहे. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या सरकारी संस्थेनं २००४ साली हिशेब मांडला होता. तिथल्या व्यापारी, औद्योगिक आणि संस्थांच्या इमारतींच्या कामात, माहिती इकडची तिकडे नीट जात नाही म्हणून २००२ या एका वर्षात १५.८ अब्ज डॉलर वाया गेले. त्यातले १०.६ अब्ज कुणाच्या माथी? आर्किटेक्टच्या नव्हे, इमारतीच्या मालकांच्या आणि ती चालवणाऱ्यांच्या. आमच्याही बिलात ‘सॉफ्टवेअर’ अशी एक ओळ आलीच.

घर आमचं, पैसे आमचे. मग कुणालाही उघडेल अशी फाइल आमच्या हाती द्या, आणि तसं करारात लिहा. मीटिंगमध्ये मी हे बोललो, तेव्हा सेक्रेटरी चहा सांगायला उठले.

त्यांच्याच ट्रंकेत जुन्या इमारतीचा १९७४ सालचा नकाशा आहे. एका कोपऱ्याला कसर लागलीय. सतरंजीवर पसरून चार कोपऱ्यांवर चार तांबे ठेवले, की उघडतो.