लॉसलेस आलं, पण मास्टर कुठला? जुने मेटल अल्बम, रीमास्टर्ड सीडी आणि फाटलेला आवाज

स्पॉटिफायने सप्टेंबर 2025 मध्ये लॉसलेसची घोषणा केली, तेव्हापासून ओळखीतली पोरं मला एकच विचारतात: "दादा, आता सीडीचं काम संपलं ना?" विचारणारे बहुतेक मेटलवाले. संग्रामपूरसारख्या तालुक्याच्या गावात मेटल कोण ऐकतं, असं तुम्हाला वाटेल. पण शेगावला कॉलेजला जाणाऱ्या एसटीत बसून बघा, दोन-तीन कानांत तरी आयर्न मेडन नाहीतर मेटालिका वाजत असतं. त्यात 22 जुलै 2025 ला ऑझी ऑस्बॉर्न गेला आणि ज्यांनी कधी ब्लॅक सब्बाथ ऐकलं नव्हतं, तेही जुने अल्बम शोधायला लागले.

माझं उत्तर थोडं वाकडं आहे. लॉसलेस म्हणजे डबा. डब्यात माल कुठला भरलाय, हे त्यावरून कळत नाही. हे मला पैसे घालवून कळलं.

झालं असं, की ऑझीचा 'ब्लिझर्ड ऑफ ऑझ' हा 1980 चा अल्बम मी ऑनलाइन एका विक्रेत्याकडून सीडीवर मागवला. फोटोत जुनी आवृत्ती होती, हातात पडली 2002 ची. म्हटलं जाऊ दे, रीमास्टर आहे, चांगलीच असेल. घरच्या जुन्या डीव्हीडी प्लेअरवर लावली. गिटार ओळखीची, रँडी ऱ्होड्सचीच. पण ड्रम आणि बेस? काहीतरी चुकतंय असं सारखं वाटत राहिलं. शोधलं तर कळलं की काहीतरी नाही, सगळंच बदललेलं होतं. मूळ अल्बमवर बेस बॉब डेझलीचा आणि ड्रम ली कर्सलेकचे. या दोघांचा ऑझीच्या बाजूशी पैशांवरून आणि श्रेयावरून कोर्टात वाद चालू होता. 2002 च्या आवृत्तीत त्यांनी वाजवलेलं काढून टाकलं आणि त्या जागी रॉबर्ट ट्रुहियो आणि माइक बोर्डिन यांच्याकडून नव्याने वाजवून घेतलं. 'डायरी ऑफ अ मॅडमन'चंही तेच केलं. चाहते खवळले, आणि 2011 च्या आवृत्तीत मूळ वादन परत आलं.

आपल्याकडे हे नवीन नाही. झंकार बीट्सवाल्या कॅसेटी घरातल्या मोठ्यांना विचारा. जुनं गाणं, वर नवा ठेका. फरक इतकाच, की तिथे 'झंकार' असं कव्हरवर ठळक लिहिलेलं असायचं.

इथे दोन शब्द वेगळे ठेवायला हवेत. रीमिक्स म्हणजे ड्रम, बेस, गिटार, गळा यांचे वेगवेगळे ट्रॅक पुन्हा उघडून नव्याने जुळवणं. रीमास्टर म्हणजे तयार मिक्सला हात न लावता शेवटचा आवाज ठरवणं: किती मोठा, किती खर्ज, किती धार. कव्हरवर बऱ्याचदा 'रीमास्टर्ड' इतकंच मोठ्या अक्षरात असतं आणि आत भलतंच निघतं. मेगाडेथचे जुने अल्बम 2004 मध्ये पुन्हा आले ते डेव्ह मस्टेनने रीमिक्स केलेले होते. 'रस्ट इन पीस'मधल्या काही गाण्यांत तर त्याने गळाही पुन्हा रेकॉर्ड केला. ज्याने 1990 चा अल्बम पाठ केलाय, त्याच्या कानाला ते लगेच टोचतं.

आता मुख्य भानगड, आवाजाची. माझा चुलतभाऊ वरातीच्या डीजे गाडीवर काम करतो. मागच्या उन्हाळ्यात तो मला अ‍ॅम्प्लिफायरवरचा लाल लाइट दाखवत म्हणाला, "हा लाइट पेटून ऱ्हायला का समज आवाज फाटला. मंग कितीबी वाढव, निस्ता कल्ला." सीडीचंही असंच आहे. सीडीत आवाजाला एक छत असतं, त्याच्या वर जाता येत नाही. 16 बिटमुळे अगदी हळू आणि अगदी मोठा आवाज यांत सुमारे 96 डेसिबलचं अंतर ठेवता येतं. ऐंशीच्या दशकातल्या सीडींमध्ये ही जागा मोकळी सोडलेली असायची. सरासरी आवाज खाली, आणि ड्रमचा फटका पडला की तो एकदम वर उसळायचा. मेटलची मजा त्या उसळीतच असते.

नव्वदच्या दशकात कंपन्यांना वाटलं, रेडिओवर आणि सीडी चेंजरमध्ये आपलं गाणं शेजारच्यापेक्षा मोठं वाजलं पाहिजे. मग लिमिटर लावून वरचे फटके दाबायचे आणि सगळंच छताला चिकटवायचं. हळू भागही मोठा, मोठा भागही तेवढाच. जुने अल्बमही या चरकातून पुन्हा काढले गेले आणि त्यावर 'रीमास्टर्ड'चा शिक्का बसला. ऑडेसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये जुन्या सीडीचं गाणं उघडलं तर आवाजाची आकृती बाभळीच्या फांदीसारखी काटेरी दिसते. दाबलेल्या रीमास्टरची दिसते विटेसारखी.

याचा कळस नव्या अल्बमने गाठला. मेटालिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' 2008 मध्ये आला आणि त्याच वेळी 'गिटार हिरो' या गेममध्येही आला. गेममधली गाणी सीडीइतकी दाबलेली नव्हती. लोकांनी दोन्ही शेजारी ठेवून ऐकली तेव्हा पैसे देऊन घेतलेली सीडीच जास्त फाटलेली निघाली. पुन्हा मिक्स-मास्टर करा म्हणून 10 हजारांहून जास्त लोकांनी ऑनलाइन अर्जावर सह्या केल्या. मास्टरिंग करणाऱ्या टेड जेन्सनने सांगितलं की मिक्सच त्याच्याकडे आधीच दाबून आलेले होते.

मग ऑडिओफाइल सीडीवाले वेगळं काय करतात? चांगले असतील तर आधी मूळ टेप शोधतात, कॉपीची कॉपी नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या काही टेपना चिकटपणाचा आजार असतो: टेपवरचा लेप ओल धरतो आणि मशीनमध्ये खरवडून निघतो. म्हणून अशी टेप सुमारे 50 अंशांवर काही तास चक्क भाजतात, मगच वाजवतात. त्यानंतर लिमिटर जवळपास बंद. अमेरिकेतल्या मोबाइल फिडेलिटीने मेगाडेथचा 'काउंटडाउन टू एक्स्टिंक्शन' याच पद्धतीच्या मालिकेत सोन्याचा थर असलेल्या सीडीवर काढला होता. त्यात मूळ मिक्स आहे, म्हणून लोक तो शोधतात. सोन्यामुळे आवाज सुधारतो असं कोणी सांगितलं तर मान डोलवा आणि पुढे जा. आकडे तेच राहिले तर थर सोन्याचा असो की अ‍ॅल्युमिनियमचा, आवाज तोच. सोनं गंजत नाही, हा एवढाच त्याचा खरा फायदा.

आणि महाग म्हणजे प्रामाणिक, असंही नाही. हीच मोबाइल फिडेलिटी 2022 मध्ये अडचणीत आली. ज्या विनाइल तबकड्या लोक पूर्ण अ‍ॅनालॉग समजून घेत होते, त्यातल्या अनेक बनवताना मध्ये डिजिटल टप्पा होता, हे बाहेर आलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि 2023 मध्ये सुमारे अडीच कोटी डॉलर्सची तडजोड झाली. गंमत अशी, की वर्षानुवर्षं त्याच तबकड्यांची वाहवा करणाऱ्या जाणकार कानांना तो डिजिटल टप्पा ऐकू आला नव्हता. माझ्या मते इथेच बातमीतली बातमी आहे. डिजिटल असणं हा दोष नव्हताच, मास्टर नीट केलेलं होतं. दोष न सांगण्याचा होता.

आता फोनकडे येऊ. स्पॉटिफाय गाण्यांचा आवाज साधारण -14 लफ्स या पातळीवर आणून ठेवतं. लफ्स म्हणजे कानाला जाणवणारा सरासरी आवाज मोजायचं माप. एखादं रीमास्टर -8 वर दाबून ठेवलं असेल, तर अ‍ॅप ते 6 डेसिबलने खाली ओढतं. म्हणजे मोठं वाजण्यासाठी ज्याचा जीव घेतला, ते आता मोठंही वाजत नाही आणि जिवंतही नाही. आवाजाच्या शर्यतीचं कारणच संपलंय. पण शर्यतीच्या काळातली रीमास्टर्स तशीच कॅटलॉगमध्ये बसून आहेत, आणि बऱ्याच अल्बमची मूळ आवृत्ती अ‍ॅपवर नाहीच. मेडनचेच बघा. ऐंशीच्या दशकातले अल्बम 1998 मध्ये रीमास्टर झाले, 2015 मध्ये डिजिटलसाठी पुन्हा, आणि 2018 पासून त्याच नव्या मास्टरच्या सीडी आल्या. यातलं कुठलं ऐकायचं हे अ‍ॅपवर तुम्ही ठरवत नाही. उद्या कंपनीने बदललं तर तुमच्या प्लेलिस्टमध्ये नाव तेच राहील, आत आवाज दुसरा. ऑझीच्या बाबतीत तर वाजवणारी माणसंच दुसरी होती.

म्हणून लॉसलेसच्या प्लॅनसाठी जास्तीचे पैसे भरण्याआधी दोन गोष्टी तपासा. एक, तुमचे इअरबड ब्लूटूथचे आहेत का? सीडीचा डेटा सेकंदाला 1411 किलोबिट असतो. ब्लूटूथचा साधा एसबीसी सुमारे 328 वर थांबतो, सोनीचा एलडॅक जास्तीत जास्त 990 वर. या दोन्हींतून सीडीचा पूर्ण डेटा कानापर्यंत पोचत नाही. शे-दोनशे रुपयांचा टाइप-सी जॅक आणि वायरवाले इअरफोन यात जास्त फायदा आहे. दोन, अल्बमच्या पानावर खाली जाऊन वर्ष आणि हक्काची ओळ वाचा. त्याच नावाच्या दोन-तीन आवृत्त्या असतील तर नॉर्मलायझेशन चालू ठेवून एकच गाणं दोन्हींत ऐका. ते बंद असेल तर मोठं वाजणारंच चांगलं वाटेल, कान असाच फसतो.

मी हाच प्रयोग चुलतभावावर केला. एका जुन्या अल्बमची दोन मास्टर्स, सारख्या पातळीवर, वायरवाल्या इअरफोनमध्ये. कुठलं कुठलं ते सांगितलं नाही. त्याने दुसऱ्यावर डोळे मिटले आणि ड्रम आला तसं म्हणाला, "याच्यात लाइट नाही लागला." ती जुनी होती. 2002 ची 'ब्लिझर्ड' मात्र अजून माझ्याकडेच पडून आहे. विकायला काढली, पण वर्ष स्पष्ट लिहिल्यामुळे कोणी घेत नाही.