रंगाविना निळाई

मॉर्फो फुलपाखराच्या पंखांत निळे रंगद्रव्य नसते, हे विधान प्रथमदर्शनी कोणासही पटणार नाही. मध्य व दक्षिण अमेरिकेच्या अरण्यांत हे फुलपाखरू उडू लागले की त्याची निळी झळाळी दुरूनही डोळ्यांत भरते. परंतु त्याच पंखावरील खवले चिरडले, तर निळाई लोपते आणि तपकिरी भुकटी तेवढी उरते.

याचे कारण असे की, ही निळाई द्रव्याची नसून रचनेची आहे. प्रत्येक खवल्यावर कायटिनचे सूक्ष्म कंगोरे असतात आणि त्यांच्या दोन्ही अंगांना एकावर एक थर. निळ्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४५० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाहूनही कमी. थर आणि त्यांमधील पोकळ्या याच मापाशी जुळत असल्यामुळे थराथरांवरून परतणारे निळे तरंग परस्परांस बळ देतात. उरलेला बराच प्रकाश खालचे काळसर द्रव्य शोषून घेते. पंखावर अल्कोहोलचा थेंब टाकला की पोकळीतील हवेची जागा द्रव घेतो व पंख हिरवा दिसतो. थेंब उडून जाताच निळाई परतते.

मोरपीस ओले केल्यावर त्याचे रंग मावळतात, हे रॉबर्ट हूकने १६६५ मध्येच नोंदविले होते. मॉर्फोच्या खवल्यांतील थर मात्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर, १९४० च्या दशकात दिसले. १९३० मध्ये नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या सी. व्ही. रामन यांनाही पुढे नीलपंख पक्ष्याच्या पिसांचा अभ्यास कमीपणाचा वाटला नाही.

अशा संशोधनाचा उपयोग काय, असे विचारणारे व्यवहारी लोक असतातच. रंगद्रव्याविना चमकणारा धागा जपानमध्ये याच तत्त्वावर तयार झाला, हे त्यांना सांगता येईल. परंतु हूकने धाग्यासाठी पीस भिजविले नव्हते. प्रश्न आधी येतो, उपयोग मागाहून. आणि कित्येकदा येतही नाही.

आपल्या शाळांत हा क्रम उलटला आहे. परीक्षेत न येणारा प्रश्न वर्गात निरुपयोगी ठरतो. वस्तू जो प्रकाश परावर्तित करते तोच तिचा रंग, ही व्याख्या पाठ झाली की विषय संपतो. वास्तविक साबणाच्या फुग्यावरील रंगही प्रकाशतरंगांच्या अशाच मेळातून उमटतात आणि त्यासाठी प्रयोगशाळेच्या अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. दरवर्षी २८ फेब्रुवारीस रामन यांच्या गौरवाची भाषणे होतात. त्या दिवशी वर्गात वाटीभर साबणाचे पाणी आणून ‘हा रंग आला कोठून?’ एवढेच विचारले, तर तो गौरव अधिक खरा ठरेल.