बाबागाडी उचलणार कोण?

माझं भांडण माझ्याच वयाच्या बायकांशी आहे, हे आधीच सांगून टाकते. साठी ओलांडलेल्या, दोन-चार पोरं वाढवलेल्या आणि आता लेकी-सुनांना शहाणपण शिकवणाऱ्या बायका. पुरुषांशीही आहे, पण त्यांची पाळी नंतर.

विषय ऐकून तुम्ही हसाल. दोन मुलांना एकदम बसवता येईल अशी हलकी बाबागाडी. दुकानातली पोरं तिला डबल स्ट्रॉलर म्हणतात. माझ्या लेकीचा थोरला तीन वर्षांचा, धाकटी दहा महिन्यांची. थोरला चालतो, पण वीस पावलं झाली की हात वर करून उभा राहतो. धाकटी अजून चालतच नाही. लेकीनं अशी गाडी घ्यायचं ठरवलं, आणि आमच्या टिळकवाडीतल्या घरात, शेजारात, बस्तीच्या ओट्यावर जी बोलणी सुरू झाली, ती ऐकून मला गप्प बसवेना.

बोलणी चार प्रकारची. पहिलं, "आम्ही काय गाड्या घेऊन पोरं वाढवली काय गं?" दुसरं, "दिसतंय कसं ते! लोक काय म्हणतील?" तिसरं, "हे फॉरेनचं फॅड. हितं चालवणार कुठं?" आणि चौथं आमच्या लोकांतलं खास, "तोंडानं अपरिग्रह म्हणायचं आणि पोरांना गाड्या घ्यायच्या होय?" एकेकाचा हिशेब करू या.

तीन वर्षांचं मूल साधारण 14 किलोचं असतं. दहा महिन्यांचं आठ-नऊ किलोचं. दोन्ही मिळून बावीस-तेवीस किलो. म्हणजे जवळजवळ तांदळाचं 25 किलोचं पोतं. हे पोतं किराणा दुकानदार बाईच्या हातात देत नाही. "वहिनींच्या गाडीत टाक रे," म्हणून पोऱ्याला हाक मारतो. पण तेवढंच वजन हलत असलं, रडत असलं, केस ओढत असलं आणि एकीकडून निसटून रस्त्यावर धावायला बघत असलं, की ते बाईनं एकटीनं उचलावं, अशी आपली अपेक्षा असते. त्याला आपण आईची माया म्हणतो. पोतं निदान दमलं की खाली ठेवता येतं.

"आम्ही नाही का वाढवली?" वाढवली की. पण कशी वाढवली ते नीट आठवा. घरात आत्ती होत्या, जाऊ होती, लग्न व्हायची नणंद होती. धाकटं एकीच्या मांडीवर, थोरलं काकाच्या खांद्यावर. वाड्याचं मोठं दार लावून घेतलं की पोर जाणार कुठं? बाजार पुरुष आणत. पोर आजारी पडलं तर डॉक्टर घरी येत. दोन लहान पोरं घेऊन एकट्या बाईनं बाहेर पडायचा प्रसंगच येत नसे, कारण तिला बाहेर सोडतच नव्हते. आपण बाबागाडीवाचून भागवलं असं म्हणतो, तेव्हा खरं तर बाहेर जाण्यावाचून भागवलेलं असतं. आपल्यातल्या कितीजणींनी दुसऱ्या बाळंतपणानंतर वर्ष-दीड वर्ष घराबाहेरचा रस्ता पाहिला नव्हता? मोजा बोटांवर. आणि मग तेच दिवस आदर्श म्हणून सुनेच्या गळ्यात बांधू नका.

आजची मुलगी तिसऱ्या मजल्यावर राहते. नवरा सकाळी आठला बाहेर पडतो. घरात तिसरं मोठं माणूस नाही. थोरल्याला नर्सरीत सोडायचं, धाकटीला लसीला न्यायचं, भाजी आणायची, औषध आणायचं. दुसरं बाळंतपण सिझेरियननं झालं तर डॉक्टर सांगतात, पहिले सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही. आणि थोरला तर बाळाच्या तिप्पट-चौपट जड! त्याला कोण उचलणार, हे कुणीच सांगत नाही.

दुसरं बोलणं दिसण्याचं. बाबागाडी ढकलणारी बाई म्हणे मिरवते. पण स्कूटरवर पुढं थोरला उभा, मागं बायको, दोघांच्या मध्ये दाबलेलं तान्हं आणि हँडलला भाजीची पिशवी, असं कुटुंब दुसऱ्या गेटाच्या गर्दीतून जातं, ते कुणाच्या डोळ्याला खुपत नाही. दुचाकीवरच्या नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी केंद्र सरकारनं 2022 मध्ये नियम काढला आहे. मुलाला चालवणाऱ्याशी जोडणारा पट्टा हवा, डोक्याला हेल्मेट हवं आणि वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत हवा. हा पट्टा बांधलेलं एक तरी मूल तुम्ही आपल्या गावात पाहिलंय का? जिथं जीव जाऊ शकतो तिथं आपण डोळे मिटून घेतो, आणि चार चाकांवर सुरक्षित बसलेल्या पोराला बघून मात्र आपल्याला संस्कृती आठवते.

आता पुरुषांची पाळी. गाडी घ्यायला जावई गेला तर तो मोटार घेतल्यासारखी घेतो. भक्कम चाकं, जाड गाद्या, कप ठेवायची जागा, मोठी छत्री. दुकानदारही तेच दाखवतो. गुळगुळीत फरशीवर रिकामी गाडी एका बोटानं ढकलून "बघा कशी चालते" म्हणतो. त्याला म्हणावं, बाबा, ही मिटवून उचलून दाखव. दुसऱ्या हातात नऊ किलोचं काहीतरी धरून दाखव. आणि तसाच जिना चढून दाखव.

हलकी गाडी शोधून काढणारा माणूस पुरुषच होता, हेही सांगायला हवं. ओवेन मॅक्लॅरन नावाचा इंग्रज इंजिनियर. विमानांच्या कामातला माणूस, स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर काम केलेला. निवृत्तीनंतर त्यानं आपल्या लेकीला नातवंडाची जडशीळ प्रॅम ओढताना पाहिलं, आणि विमानाची चाकं जशी आत दुमडतात तशी अॅल्युमिनियमच्या नळ्यांची दुमडणारी गाडी बनवली. 1965 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. वजन सहा पौंड, म्हणजे तीन किलोच्याही आत. मिटवली की छत्रीसारखी हाताला अडकवायची. आज मिळणाऱ्या सगळ्या हलक्या गाड्या तिच्याच लेकी-नाती. लेक दमली हे पाहून "आमच्या वेळी" सुरू न करता हा म्हातारा कामाला लागला. आजी-आजोबांनी एवढं शिकावं.

दोन मुलांची गाडी तीन किलोची होत नाही, हे खरं. हलकी म्हणून विकतात ती आठ-दहा किलोची असते, जड असेल ती पंधरा किलोच्याही वर जाते. हा पाच-सात किलोंचा फरक कागदावर किरकोळ दिसतो. पण दहा किलोची गाडी आणि नऊ किलोचं बाळ मिळून एकोणीस किलो होतात, वर पदराला धरून चढणारा थोरला. गाडी पंधराची असली की तेच चोवीस. तिथं बाई ठरवते, "जाऊ दे, आज नको बाहेर." असे "आज नको" साठत जातात आणि वर्ष घरातच निघून जातं. म्हणून मी म्हणते, सगळ्यात आधी वजन विचारा, रंग शेवटी.

वजनानंतर रुंदी. शेजारी-शेजारी बसायच्या गाडीत भावंडं एकमेकांना दिसतात, पण ती 75 ते 80 सेंटिमीटर रुंद असते. लहान लिफ्टचं दार 70 ते 80 असतं. दुकानात जायच्या आधी टेप घेऊन घराचं दार, लिफ्टचं दार आणि पार्किंगमधून बाहेर पडायची वाट मोजा. पुढं-मागं बसायची गाडी अरुंद असते, बोळातून जाते. पण ती लांब असते आणि पुढच्या मुलाचं वजन पुढच्या चाकांवर येतं, म्हणून पायरी आली की हँडल दाबून पुढची चाकं वर घ्यायला जोर लागतो. आपल्याकडं पायरी दर पन्नास पावलांवर येते, हे लक्षात ठेवा.

सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर त्याची सीट पूर्ण आडवी व्हायला हवी. दोन्ही सीटना खांदे, कंबर आणि मांड्यांमधून येणारा पाच ठिकाणचा पट्टा हवा. एका सीटवर किती किलो चालतं ते बघा, नाहीतर थोरला सहा महिन्यांत बाद होईल. युरोपचं ईएन 1888 किंवा अमेरिकेचं एएसटीएम एफ 833 हे प्रमाण छापलेलं आहे का ते पाहा. आणि हलक्या गाडीचे दोष झाकून ठेवू नका. हँडलला भाजीच्या पिशव्या अडकवल्या आणि मूल उचललं की ती मागं कलंडते. म्हणून ओझं सीटखालच्या टोपलीत. मिटवता-उघडताना बिजागरीत मुलांची बोटं सापडतात. मॅक्लॅरनच्याच कंपनीला 2009 मध्ये अमेरिकेत याच कारणासाठी सुमारे 10 लाख गाड्यांच्या बिजागऱ्यांना कव्हरं पुरवावी लागली होती. आधी मूल लांब, मग गाडी मिटवायची.

आता तिसरं बोलणं, "हितं चालवणार कुठं?" हे एकच बोलणं मला पटतं, पण त्याचा रोख चुकीच्या माणसावर आहे. इंडियन रोड्स काँग्रेसनं पादचाऱ्यांसाठी 2012 मध्ये काढलेल्या सूचनांत, म्हणजे आयआरसी 103 मध्ये, सांगितलं होतं की फूटपाथवर चालायला मोकळी जागा किमान 1.8 मीटर हवी, त्याची कड 150 मिलिमीटरपेक्षा उंच नको आणि तो जिथं संपतो तिथं बाराला एक असा उतार हवा. 1.8 मीटरमध्ये दोन डबल गाड्या समोरासमोरून जातील! मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की अडथळ्यांविना फूटपाथ वापरायचा हक्क घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्कात येतो. म्हणजे कागदावर जागा आहे. रस्त्यावर मात्र तिथं विजेची डीपी असते, लावलेल्या मोटारी असतात, पेव्हर ब्लॉकच्या फटी असतात, त्यात ही लहान चाकं रुततात. मुलं बसलेली गाडी एकटीनं उचलून खाली घ्यायची, पुन्हा वर चढवायची. गाडी हलकी लागते ती यासाठी. नगराच्या कारभाऱ्यांनी जो उतार केला नाही, त्याची किंमत बाई मनगटानं भरते.

मग "चालवणार कुठं" हे त्या पोरीला कशाला विचारता? फूटपाथवर मोटार लावणाऱ्याला विचारा. मतं मागायला वॉर्डात येणाऱ्याला विचारा. आणि बायांनो, यात आपलाही स्वार्थ आहे. आपले गुडघे गेलेत. फूटभर उंचीची कड चढताना आपण शेजारणीचा खांदा शोधतो. बाबागाडीला जो उतार लागतो तोच आपल्या काठीला लागतो, वॉकरला लागतो, चाकाच्या खुर्चीला लागतो. चार बाबागाड्या रस्त्यावर दिसल्या तर कुणाला तरी त्या कडा उंच वाटायला लागतील. बायका घरात बसल्या तर त्या कडा कुणाला दिसणार?

राहिलं अपरिग्रहाचं. हे बोलणारीच्या कपाटात न नेसलेल्या साड्यांची चळत असते, ते सोडून देऊ. वस्तू लागते म्हणून घ्यायची, काम झालं की ज्याला लागते त्याला द्यायची आणि तिच्यात जीव अडकवायचा नाही, एवढं माझ्या आईनं मला शिकवलं. ही गाडी फार तर तीन वर्षं लागते. मग ती माळ्यावर का पडावी? आमच्या बस्तीत लग्नाची भांडी असतात, ज्याच्या घरी कार्य असेल तो नेतो आणि घासून परत आणून ठेवतो. तशीच दोन बाबागाड्या ठेवायला काय हरकत आहे? नवी घेणं जिला परवडत नाही तिला जुनी मिळेल. घेताना ब्रेक, पट्ट्यांची कुलपं आणि बिजागऱ्या तेवढ्या तपासायच्या. यात परिग्रह कुठं आला?

आता उरतं ते एवढंच. पुढच्या वेळी कुणी सून किंवा लेक असल्या गाडीची गोष्ट काढेल, तेव्हा "आमच्या वेळी" हे शब्द गिळा. तिच्याबरोबर दुकानात जा. दुकानदार रंग दाखवू लागला की त्याला थांबवा आणि गाडी मिटवून तुमच्या स्वतःच्या हातात घ्या. तुमच्या हाताला जड लागली तर तिलाही जड आहे. हे सांगायला आजीच लागते. ते काम सोडून आपण टोमणे कसले मारतोय?