कॉक बंद करू नका, काका

नागपुरात हुडकेश्वर रोडच्या लेआउटांमध्ये एकाच घडणीची घरं जागोजागी दिसतात. खाली मालक, वरच्या माळ्यावर किरायेदार. रिटायरमेंटचा पैसा आला की वरचा स्लॅब पडतो, बाहेरून जिना निघतो आणि उभा जन्म किरायानं काढलेला माणूस साठीत पहिल्यांदा घरमालक होतो. असेच एक काका मागच्या आठवड्यात माझ्याकडे आले. वरच्या किरायेदाराचा करार संपलेला, पाच महिन्यांचा किराया थकलेला, विचारायला गेलं की भांडण. "आजच वरच्या पाण्याचा कॉक बंद करतो," म्हणाले.

मी त्यांना कळवळून सांगितलं, काका, एवढं करू नका. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 29 पाणी-वीज तोडायला मनाई करतं. किराया त्यानं बुडवला, पण कॉक फिरवला की कोर्टात तक्रार घेऊन तो जाईल आणि उत्तरं तुम्हाला द्यावी लागतील. शिवाय वर लेकरं आहेत, आणि नागपूरचा उन्हाळा तुम्हाला काय सांगायचा!

मग करार पाहिला. 11 महिन्यांचा, स्टॅम्पपेपरवर, नोटरी केलेला. 11 महिन्यांना रजिस्ट्री लागत नाही, असं दलालानं सांगितलं होतं. हा समज आपल्याकडे इतका मुरलाय की त्याचा मला संताप येतो. कलम 55 मध्ये अशी सूट नाहीच. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती नसेल तर अटींबद्दल किरायेदार म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरतात. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

रजिस्टर्ड लिव्ह-लायसन्स असतं, तर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे सरळ अर्ज करता आला असता. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत समोरच्यानं बाजू मांडायची परवानगी मागायची, आणि कराराच्या मुदतीनंतर राहिलेल्या दिवसांची भरपाई दुप्पट दरानं द्यायची.

काकांच्या कागदाची रजिस्ट्री नाही, म्हणून समोरचा स्वतःला लायसन्सी नाही, भाडेकरू म्हणवणार, हे धरून चालावं लागेल. म्हणजे थकबाकीची लेखी नोटीस, 90 दिवस थांबणं, मग दावा. त्यातही समन्सनंतर 90 दिवसांत त्यानं सगळी बाकी 15 टक्के व्याजासह कोर्टात भरली, तर या कारणावरून घर सुटत नाही. काका उसळले. मला मात्र ही तरतूद रास्त वाटते. नोकरी गेलेल्या माणसाला सावरायला तेवढी जागा हवी, आणि मालकाला त्याचे पैसे व्याजासकट मिळतात. विदर्भात 1949 च्या भाडे नियंत्रण आदेशाखाली तर नोटीस द्यायलाही आधी कंट्रोलरची परवानगी लागायची.

आम्ही तिथंच नोटीस लिहायला बसलो. महिनावार बाकी, रक्कम, तारीख. "माझा अपमान केला" हे वाक्य काकांनी दोनदा घातलं, मी दोनदा काढलं.