आधी जलवाहिनी, मग रस्ता

घोडकाठचे शिरूर आणि भीमाकाठचे दौंड येथील कारभार नगरपरिषदांकडे आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने रस्ते, पाणीपुरवठा, स्वच्छता आदी १८ विषय नगरपालिकांकडे सोपविण्याची तरतूद केली. मात्र प्रभाग समित्यांची घटनात्मक सक्ती ३ लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांनाच आहे. आपली शहरे त्यात बसत नाहीत.

निधीचेही तसेच. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात बंद झाल्यापासून शासकीय अनुदानावरील त्यांचे अवलंबित्व वाढले. रस्त्याचा आणि पाण्याचा निधी निरनिराळ्या योजनांतून, निरनिराळ्या वेळी येतो. क्रम चुकला की नवा रस्ता जलवाहिनीसाठी पुन्हा खोदावा लागतो. एकाच कामावर जनतेचा पैसा दोनदा खर्ची पडतो आणि शेवटच्या गल्लीतील नळ कोरडाच राहतो.

सुरक्षित पेयजल हा मूलभूत मानवी हक्क आहे, असे दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रात बजावले होते. म्हणून आम्हांला वाटते, समिती नसली तरी नागरिकांनी गप्प बसू नये. नवे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. त्यापूर्वीच, अर्थसंकल्प ठरत असताना, आपल्या धर्मग्रामातील भाविकांनी सर्वधर्मीय शेजाऱ्यांसह नगरसेवकांना भेटावे आणि एकच प्रश्न विचारावा : रस्त्याखालचे काम आधी होणार ना? शेजारप्रीतीचा हाही एक मार्ग आहे.