माल घेतला कोणी?

"आमची चेन नाही, आमच्याकडे प्रॉडक्ट आहे." प्लॅन दाखवायला आलेला माणूस हे वाक्य लवकरात लवकर उच्चारतो, आणि ऐकणाऱ्याची निम्मी शंका तिथेच विरते. खरे तर शंका वाढायला हवी ती इथेच. अमेरिकेत कॉस्कॉट इंटरप्लॅनेटरी ही कंपनी सौंदर्यप्रसाधने विकत होती. माल खोटा नव्हता. तरीही 1975 मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने तिची योजना पिरॅमिड ठरवली, कारण सभासदाला मोबदला मिळत होता तो नवा सभासद आणल्याचा. माल वापरणाऱ्याला माल विकण्याशी त्याचा संबंध नव्हता. हजाराचे घड्याळ दहा हजारांच्या 'किट'मध्ये घालून दिले, तर उरलेले नऊ हजार ही प्रवेश फीच असते. पावतीवर काहीही लिहा.

दुसरा युक्तिवाद कागदांचा. कंपनी नोंदणीकृत आहे, जीएसटी भरते, कमिशनवर टीडीएस कापते. कर भरला म्हणून धंदा कायदेशीर होत नाही, एवढे सांगून हा विषय संपवता येईल. पण 'सरकारमान्य' या शब्दाचा समाचार घ्यायलाच हवा. केंद्राच्या 2021 च्या ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियमांनुसार कंपनीला स्वयंघोषणा करावी लागते, की आपण पिरॅमिड योजनेत किंवा पैसे फिरवण्याच्या योजनेत गुंतलेलो नाही. स्वतःच स्वतःला दिलेली ही ग्वाही सेमिनारच्या पडद्यावर सरकारी प्रमाणपत्र म्हणून झळकते आणि सभागृह टाळ्या वाजवते!

तिसरा युक्तिवाद सर्वांत निर्दय आहे: "ज्याने मेहनत केली तो कमावतो, बुडाला तो आळशी." डावा लेग, उजवा लेग अशी बायनरी घ्या. प्रत्येकाने फक्त दोघे आणायचे. पहिल्या माणसाने आणलेले दोघे ही पहिली पातळी धरली, तर सत्ताविसाव्या पातळीवर 13 कोटी 42 लाख माणसे लागतात. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या 11 कोटी 24 लाख होती. पण साखळी कधीतरी तुटते, हा मुद्दा आता जुना झाला. खरी मेख अशी, की पूर्ण भरलेली बायनरी कुठल्याही पातळीवर थांबवा, निम्म्याहून अधिक सभासद शेवटच्या ओळीतच असतात आणि त्यांच्या खाली कोणीही नसते. प्रत्येकाने सहा जण आणायचे असतील, तर सहातले पाच जण या ओळीत येतात. बाहेरचा ग्राहक नसेल, तर या माणसांनी रात्रंदिवस राबूनही हिशेब बदलत नाही. त्यांच्या नुकसानीतूनच वरच्यांची कमाई होते, आणि वर आळशीपणाचा ठपकाही त्यांच्याच माथी.

मग एमएलएम म्हणजे सरसकट फसवणूक म्हणायची का? तेही मला मान्य नाही. 1979 मध्ये याच ट्रेड कमिशनने ॲमवे पिरॅमिड नाही असा निर्णय दिला. न विकलेला माल परत घेणे, मागवलेल्या मालापैकी निदान 70 टक्के विकणे आणि महिन्याला दहा ग्राहकांना किरकोळ विक्री करणे, असे कंपनीचे नियम त्या वेळी विचारात घेतले गेले. उलट, 2007 मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाला त्याच कंपनीची भारतातली योजना, पैसे फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणाऱ्या 1978 च्या कायद्यात सकृद्दर्शनी बसणारी वाटली. तेव्हा नावावरून निवाडा होत नाही. प्रत्येक योजनेत पैसा कुठून येतो ते तपासावे लागते.

तपासण्याची रीतही उपलब्ध आहे. 2016 मध्ये हर्बालाइफने अमेरिकेत 20 कोटी डॉलर देऊन तडजोड केली. तिथे अट अशी पडली, की वितरकांना मिळणाऱ्या मोबदल्यापैकी किमान दोन तृतीयांश भाग पडताळणी झालेल्या किरकोळ विक्रीवर आधारलेला असला पाहिजे. वितरकांच्या स्वतःच्या वापरावर एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही. मला ही कसोटी सर्वांत चोख वाटते. आपल्याकडे 'ॲक्टिव्ह' राहण्यासाठी दरमहा स्वतःच खरेदी करून कपाटे भरणारे वितरक हीच कित्येक योजनांची 'विक्री' असते. 2021 च्या नियमांनी प्रवेश फी घ्यायला मनाई केली हे उत्तम झाले, पण सक्तीच्या खरेदीच्या रूपाने ती फी मागच्या दाराने येऊ शकते. असे प्रमाण आकड्यात बांधून दिल्याशिवाय हे दार बंद होणार नाही.

तोवर अपलाइनला एवढेच विचारा: गेल्या महिन्यात साखळीबाहेरच्या किती जणांनी तुमचा माल विकत घेतला, आणि त्यांची बिले दाखवाल का? उद्यापासून एकही नवे जॉइनिंग झाले नाही, तर तुमचे कमिशन चालू राहील का? उत्तराऐवजी परदेशवारीचे फोटो दाखवले गेले तर उठून या. नातेवाइकांचे आयडी लावण्यापूर्वी 1978 च्या कायद्याचे कलम 3 जरूर वाचा. पैसे फिरवण्याची योजना चालवायला तिथे मनाई आहेच. पण अशा योजनेत सभासद म्हणून नाव नोंदवायला किंवा सहभागी व्हायलाही मनाई आहे.